डॉक्टरांची फियाट

(दहावी १९७९च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं आणि 'निवृत्तीनंतरचा छंद' असा विषय दिला आहे. छत्तीस वर्षं बँकेत दुसऱ्यांचे पैसे मोजले, त्यामुळे निवृत्त झाल्यावर स्वतःचे कसे उडवावेत याचा अनुभव नव्हता. तो गेल्या तीन वर्षांत भरपूर मिळाला. तो अनुभव बाहेर चिंचेखाली उभा आहे. सकाळपासून तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्याच्याभोवती फेऱ्या मारल्या, फोटो काढले. एकानं टायरला लाथ मारून पाहिली. तो कोण, ते मी पाहिलं आहे.

गाडी तुमच्या ओळखीची आहे. आपल्या लहानपणी वाईत मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि त्यातली डॉक्टरकाकांची फियाट रोज शाळेवरून जायची. १९६६ची फियाट ११००, 'डिलाइट' नावानं निघालेली. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. याच गाडीला पुढे १९७४मध्ये 'पद्मिनी' हे नाव मिळालं. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगपाशी हाताचा, पुढची सीट बाकासारखी सलग. त्या काळी पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. लग्न जमायला लागत नाही इतकी वाट गाडीला बघावी लागली, असं डॉक्टरीणकाकू सांगतात.

गाडी घेण्याआधी मी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न टाकला होता, आठवत असेल. डॉक्टरांच्या गाडीचा रंग कोणता होता? चौदा उत्तरं आली. राखाडी, पांढरा, आकाशी, बिस्किटी, एकानं तर काळा सांगितला. त्यावर दोन दिवस भांडण झालं आणि दोघं जण ग्रुप सोडून गेले. ते आज इथं आलेत, त्यांचं स्वागत. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं: मागची डावी काच. ती कायम अर्धी उघडी असायची. शाळेसमोर गाडी उभी राहिली की आपण त्या फटीतून आत हात घालायचो आणि सीटवरच्या रेक्झिनला चिमटे काढायचो. डॉक्टरकाका ओरडायचे ते नुसतं "हात सापडेल रे!" एवढंच.

डॉक्टरकाकांनी १९९९मध्ये दवाखाना बंद केला, तेव्हा गाडी वाड्यात, जुन्या गोठ्याच्या जागेत लावली. लावताना शहाणपणानं लावली. चारही बाजूंना लाकडी ठोकळे देऊन चाकं जमिनीपासून उचलली, बॅटरी काढून ठेवली, वर ताडपत्री घातली. पुन्हा काढायची असं त्यांच्या मनात असणार. ते पुढच्याच वर्षी गेले आणि ताडपत्री तेवीस वर्षं तशीच राहिली.

२०२२च्या दिवाळीनंतर मी काकूंकडे गेलो. ताडपत्री काढली तर आत उंदरांचा संसार. मागच्या सीटमधला काथ्या त्यांनी डिकीपर्यंत पसरला होता. डाव्या बाजूला मागच्या पायाखालचा पत्रा गंजून चाळण झाला होता, कारण त्या अर्ध्या काचेतून तेवीस पावसाळ्यांचं पाणी आत आलं होतं. छप्पर गळायचं, नेमकं तिथंच.

काकूंनी किंमत सांगितली नाही. म्हणाल्या, "तू बँकेतला, तूच सांग." मी पंचाहत्तर हजार म्हणालो. त्या हसून म्हणाल्या, "भंगारवाला वीस म्हणत होता. तुला बँकेत कसं ठेवलं रे इतकी वर्षं?"

आता मिस्त्रीविषयी. तो आपल्याच वर्गातला, तिथं मागच्या रांगेत बसला आहे. नाव घेतलं तर उठून बाहेर जाईल, म्हणून नुसतं मिस्त्री म्हणतो. चाळीस वर्षं त्याचं गॅरेज आहे. मला वाटत होतं की बॅटरी लावायची, चावी फिरवायची आणि गाडी सुरू होते की नाही ते बघायचं. मिस्त्रीनं माझा हात धरला. "आरं, तेवीस वर्षं झोपलेल्या माणसाला उठवून पळायला लावशील का?"

इतका काळ उभ्या राहिलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरून बसतात. जोर लावून फिरवलं तर रिंग तुटते, सिलिंडरला ओरखडे पडतात आणि मग दुरुस्ती नव्हे, नवं काम निघतं. त्यानं चारही स्पार्क प्लग काढले, प्रत्येक भोकातून थोडं डिझेल आणि ऑइल सोडलं आणि चार दिवस गाडीकडे बघायचंही नाही असं सांगितलं. पाचव्या दिवशी हँडल लावून हातानं, अगदी हळू. पहिल्यांदा काहीच नाही. मग बोटभर हललं. मग अर्धा फेरा. त्या अर्ध्या फेऱ्याला आम्ही दोघांनी चहा मागवला.

डॉक्टरांकडून दोन गोष्टी राहून गेल्या होत्या. टाकीतलं पेट्रोल आणि रेडिएटरमधलं पाणी काढलेलं नव्हतं. पेट्रोलचं तळाशी चिकट वार्निश झालं होतं, वास जुन्या रंगाच्या डब्यासारखा. कार्ब्युरेटर उघडला तर आत काकवीसारखा थर. टाकी उतरवून साफ करायला आणि रेडिएटर मोकळा करायला महिना गेला. तोवर दम निघेना, म्हणून मिस्त्रीनं एक बाटली उंचावर टांगून नळीनं पेट्रोल थेट कार्ब्युरेटरला दिलं. बाटली टांगायला काकूंनी वाड्यातून सलाईनचा स्टँड आणून दिला. शेजारी वाळूची बादली ठेवली होती. २०२३च्या फेब्रुवारीत इंजिन पहिल्यांदा बोललं. सायलेन्सरमधून आधी उंदराचं घरटं बाहेर आलं, मग धूर.

इथवर आमची दोस्ती होती. भांडण पुढे सुरू झालं.

मला गाडी जशी होती तशी हवी होती. एक स्क्रूसुद्धा नवा नको. यूट्यूबवर परदेशातल्या म्हाताऱ्यांचे व्हिडिओ बघून माझ्या डोक्यात 'ओरिजिनल' हा शब्द बसला होता. मिस्त्रीची यादी वेगळी होती. डायनामोच्या जागी अल्टरनेटर, कारण डायनामो मंद गतीला पुरेशी वीज देत नाही आणि दिवे मिणमिणतात. हेडलाइटला रिले. पुढच्या दोन माणसांना पट्टे. आणि सगळ्यात आधी ब्रेक. जुन्या फियाटच्या ब्रेकला ऑइलचा एकच रस्ता असतो. चारपैकी एका चाकाचं रबर गेलं, तरी सगळ्या चाकांचा ब्रेक जातो. त्याला दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसवायचा होता, म्हणजे पुढचं गेलं तर मागचं राहतं.

मी नाही म्हणालो. पट्टे नको, डॉक्टरांच्या गाडीला कुठं होते? मास्टर सिलिंडर मूळचाच हवा. वर मुंबईला ऑपेरा हाऊसच्या बाजारात जाऊन मी ब्रेकच्या रबराचे जुने संच शोधून आणले, मूळ पिवळ्या पडलेल्या खोक्यातले, न उघडलेले. किती आनंद झाला होता मला! मिस्त्रीनं रबर बोटांत दाबून पाहिलं आणि म्हणाला, "ह्याचं वय तुझ्या पोराएवढं हाय. रबर खोक्यात बसूनबी म्हातारं होतं." मी ऐकलं नाही. मालक मी होतो.

मिस्त्रीनं बसवलं. ते त्यानं बसवायला नको होतं, असं तो आजही म्हणतो. पण चूक माझी.

जून २०२३, एक रविवार. पाचगणीला जाऊन आलो. चढताना गाडी छान चढली, इंजिनाचा काटा जागेवर. वर चहा घेतला. पसरणीचा घाट उतरताना मी चालवत होतो. तिसऱ्या की चौथ्या वळणाला पेडल मऊ लागलं. पुढच्या वळणाला ते थेट जमिनीला टेकलं. पुन्हा दाबलं, पुन्हा जमिनीला. खाली वाई दिसत होती, धोम धरणाचं पाणी चमकत होतं. ते मला इतकं स्वच्छ आठवतं की लाज वाटते, कारण बघायची ती वेळ नव्हती. मिस्त्री ओरडला, "दुसऱ्यात घाल! दुसऱ्यात!" मी घातला. इंजिन किंचाळलं, गाडी थोडी आवळली. त्यानं हँडब्रेक ओढला. नशीब असं, की पुढच्या वळणावर डोंगर आमच्या बाजूला होता. गाडी गटारात घालून कड्याला घासत थांबवली.

मला खरचटलंसुद्धा नाही. मिस्त्रीचं कपाळ डॅशबोर्डच्या पत्र्यावर आपटलं. डाव्या भुवईवर तीन टाके पडले. ते बघायचे असतील तर जेवताना बघा. गटारातून बाहेर येऊन तो दगडावर बसला, रुमाल कपाळावर दाबला आणि म्हणाला, "हां. आता बोल, ओरिजिनल."

मी काही बोललो नाही. रात्री घरीही सांगितलं नाही. बायकोला ते आज, इथं, तुमच्याबरोबर कळतं आहे.

त्यानंतर मिस्त्रीची यादी मी सही करून मान्य केली. दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर आला, ब्रेकचे सगळे पाइप नवे, रबर ताजं. पुढे दोन पट्टे. पट्टा बसवताना पातळ पत्र्याला नुसतं भोक पाडून बोल्ट मारायचा नसतो, नाहीतर धक्क्याला बोल्ट पत्र्यासकट बाहेर येतो. मागून जाड लोखंडी पट्टी द्यावी लागते. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते जुनं रबर खातं, म्हणून पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा बदलला. अल्टरनेटर बसवायला जुना डायनामो काढला तर मिस्त्री मोठ्यानं हसला. तो डायनामो मूळचा नव्हताच, दुसऱ्याच गाडीचा होता, ब्रॅकेट ठोकून बसवलेला. मग आम्ही नीट बघायला लागलो. कार्ब्युरेटर पद्मिनीचा. आरसे वेगळे. डिकीतलं रबर उचललं तर खाली फिकट हिरवा रंग. म्हणजे आपण भांडलो त्या चौदांपैकी एकाचंही उत्तर बरोबर नव्हतं. डॉक्टरकाका तेहेतीस वर्षं मिळेल ते बसवत आणि सुचेल ते बदलत गाडी चालवत होते, आणि त्यातलं एक बदललेलं रूप आपल्या डोळ्यांत राहिलं होतं.

काही गोष्टींना मात्र मी नाही म्हणालो आणि त्यावर ठाम आहे. पुढे डिस्क ब्रेक नकोत. ताशी पन्नासच्या पुढे मी जात नाही, तेवढ्याला ड्रम पुरतात. इलेक्ट्रॉनिक इग्निशन नको. सून म्हणाली एसी बसवा. तिला म्हटलं, तुमची गाडी आहे ना. आणि जे काढलं ते सगळं, अगदी तो परका डायनामोसुद्धा, डॉक्टरांच्या औषधांच्या लाकडी पेटीत चिठ्ठ्या लावून ठेवलं आहे. पुढच्या मालकाला वाटलं तर त्यानं परत बसवावं. पत्रे आणि आतल्या वस्तू मात्र स्वस्तात मिळाल्या, कारण ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतल्या शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. त्या मोडीत निघाल्या, म्हणून माझी उभी राहिली. दरवाजाच्या आतली एक मूठ तशाच एका टॅक्सीची आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, कारण दोघा-तिघांच्या घरी जुन्या गाड्या पडून आहेत. आधी गाडी वारसाच्या नावावर व्हावी लागते, मग तुमच्या. नोंदणीची मुदत संपलेली असते, ती तपासणी करून पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. वर पर्यावरण कर आणि उशिराचा दंड. चासीच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलनं छाप घ्यावा लागतो. आधी गंज घासून नंबर शोधा, मी तो तिथं उभं राहून शोधत बसलो होतो. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी करण्याचा नियम २०२१मध्ये आला आहे. नव्या नोंदणीला वीस हजार, मुदत दहा वर्षं. पण मग गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला न्यायची. रोजच्या वापराला नाही. मला मंडईत जायचं होतं. मी साधीच नोंदणी ठेवली. एकूण खर्च पावणेचार लाख. हाही आकडा बायकोला आजच कळतो आहे.

आता एकच सांगायचं राहिलं. ते सांगू का, असं मी काल बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "सांग, पण लांबण लावू नकोस."

या मेळाव्याची तारीख ठरली तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं की बाईंना डॉक्टरांच्या गाडीतून शाळेत आणायचं. न सांगता. सकाळी दारात हॉर्न वाजवायचा. मिस्त्री म्हणाला, "त्यांचं वय काय, आधी विचार." म्हणून महिन्यापूर्वी फोन केला आणि मोठ्या उत्साहानं सगळं सांगितलं. पलीकडे बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्या गाडीत मी एकदा बसले आहे."

आपले चित्रकलेचे सर, म्हणजे बाईंचे यजमान, आपण आठवीत असताना गेले, ते तुम्हाला आठवतं. जुलै १९७६. रात्री छातीत दुखायला लागलं आणि डॉक्टरकाकांनी त्यांना याच गाडीत घालून साताऱ्याला नेलं. मागच्या सीटवर सर, त्यांचं डोकं बाईंच्या मांडीवर. मुसळधार पाऊस. साताऱ्याला पोचण्याआधीच सर गेले. दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. आपण काही जण कृष्णेच्या घाटावर गेलो होतो, पूर बघायला. मला तेवढंच आठवत होतं.

मी फोनवर माफी मागितली. गाडी आणणार नाही म्हणालो. बाईंनी ते ऐकलंच नाही, विचारलं, "मागची डावी काच अजून अर्धीच आहे का रे?"

काच अर्धीच होती. मीच ठेवली होती. सगळं बदललं तरी ती काच मी मिस्त्रीला हात लावू दिला नव्हता. आपल्या सगळ्यांची एकमेव बरोबर आठवण होती ती. काचेखालचा गंजका पत्रा कापून नवा बसवला, पण काच तशीच. मी बाईंना म्हणालो, हो, तशीच आहे, मुद्दाम ठेवली आहे.

बाई म्हणाल्या, "दुरुस्त कर. सगळा वेळ पाऊस आत येत होता. ह्यांच्या तोंडावर पडत होता. मी पदर धरला होता, पण पदर किती पुरणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीनं दरवाजाचं आतलं कव्हर उघडलं. काच वर-खाली करणाऱ्या यंत्राचा एक दाता झिजला होता आणि काचेची पट्टी खाचेतून सुटली होती. टॅक्सीचं यंत्र आमच्याकडे होतंच. पाऊण तास लागला. पाऊण तासाचं काम पन्नास वर्षं राहिलं होतं.

आज सकाळी नऊ वाजता बाईंच्या दारात गेलो. हॉर्न वाजवला नाही. बाई बाहेर आल्या, गाडीभोवती एकदा फिरल्या, मागच्या डाव्या दाराशी थांबल्या. काच वर होती. त्यांनी तिला बोटानं टकटक केलं. मग म्हणाल्या, "मी पुढे बसणार. आणि तो पट्टा लाव मला, मला लावता येत नाही." रस्त्यात गणपतीपाशी त्यांनी गाडी थांबवायला सांगितली आणि शाळा येईपर्यंत मी गिअर उशिरा बदलतो यावर दोनदा टोकलं.

तर, जेवण झाल्यावर ज्यांना गाडीत बसायचं आहे त्यांनी बसा. चार-चार जणांनी. मिस्त्री कृष्णेच्या पुलापर्यंत एक फेरी मारून आणेल, मी नाही चालवणार. पुढच्यांनी पट्टा लावायचा. मागची डावी काच आता पूर्ण वर जाते, पण मूठ हळू फिरवा, ती टॅक्सीची आहे आणि तसली दुसरी आमच्याकडे नाही. आणि ज्यानं टायरला लाथ मारली, त्याचा नंबर शेवटी.